टाकीचं नाक

डेक कापल्याशिवाय जुनी टाकी निघेना.
बोट तिच्याभोवतीच बांधलेली:
आधी टाकी, मग फळ्या, मग रंगाचे अकरा थर.
करवत लावण्याआधी मी नानांकडे पाहिलं.
ते तिघऱ्याच्या काठावर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
मान दुसरीकडे.
"काप. मला विचारून गंज थांबणारे का?"

बाहेर आली तेव्हा तळाची चाळणी झालेली.
ज्या स्पंजवर तिला बसवलं होतं
तो वीस वर्षं गुपचूप पाणी पीत होता,
आणि आम्ही दर दिवाळीला वरून पुसत होतो.

नवीन टाकी हजीऱ्याच्या इकरारने जोडून दिली.
अॅल्युमिनियम, साठ लिटर, मधे एक भिंत,
वळणावर सगळं डिझेल एका अंगाला धावू नये म्हणून.
तोंडं बंद करून त्याने हवा भरली,
सांध्यांवर साबणाचा फेस फासला,
आणि आम्ही तिघं उकिडवे बसून राहिलो,
बुडबुडा येत नाही, हे बघत.
न येणाऱ्या गोष्टीची वाट किती वेळ बघायची
ते कुणीच सांगत नाही.
चहा दोनदा झाला.

मग खाली रबराच्या पट्ट्या,
पाणी निघून जाईल एवढी फट ठेवून.
नळी टाकीच्या वरून घेतली, तळातून नाही;
तुटलीच कधी, तर टाकी बोटीत रिकामी व्हायला नको.
दर सांध्याला दोन क्लिपा.
"दो काहे को?" हरबिलास बाथमने विचारलं.
म्हटलं, पहिली सुटते म्हणून.
तो हसला. त्याची चाळीस वर्षं वल्ह्यावर गेलेली,
वल्ह्याला क्लिप लागत नाही.

जुन्यातलं एकच ठेवलं:
हवेच्या नळीचं पितळी टोपण, कठड्याबाहेरचं.
बिर्लानगरच्या गिरणीतल्या शेवटच्या महिन्यात,
काम संपलेलं, लेथ मात्र फिरत होतं, तेव्हा
नानांनी कातलेलं.
पाऊस आत जाऊ नये म्हणून मान खाली वळलेली,
कडेने बारीक खाचा, कुणी न सांगता घातलेल्या.
मी चिंच लावून लखलखीत घासलं.
बाहेरून.

रविवारी टाकी काठोकाठ, बोट पाण्यात.
इंजिन पहिल्याच हिसक्याला लागलं.
दोन पाणकावळे उडाले, धुराची एक निळी रेघ,
आणि मागे काठावर नाना उभे राहिलेले,
चक्क उभे,
नाक चिमटीत धरून.
"डिझेलचा वास जातोय त्यांना!" मी ओरडलो.
हरबिलासने हात हलवला. मीही.
त्यांनी नाक आणखी जोरात धरलं.

धरणाच्या मधोमध इंजिन दोनदा खोकलं
आणि गप्प.
फिल्टर पाहिला. क्लिपा पाहिल्या.
बोट फिरवली एकेका सांध्यावरून:
सगळं कोरडं, सगळं घट्ट,
इतकं घट्ट, की
हरबिलासने न बोलता भरायचं झाकण सैल केलं.

हुस्स.

एवढा मोठा श्वास पत्र्याने घेतलेला
मी आधी ऐकला नव्हता.

टोपणात कुंभारीण माशीचं घर होतं.
ओल्या मातीने लिंपलेलं, आता दगड झालेलं.
आत सात-आठ कोळी, वाळलेले, नीट रचून ठेवलेले,
पिल्लासाठीचा शिधा.
खाणारं कुणी जन्मलंच नव्हतं.
तारेने कोरून ते तळहातावर घेतलं,
मग पाण्यात सोडलं.

काठाला लागलो तर नाना पुन्हा खुर्चीत.
"मी सांगत होतो."
"मला वाटलं, वास येतोय तुम्हाला."
"वास मला दहा वर्षं येत नाही."

जाळी बसवण्याआधी त्यांनी टोपण मागून घेतलं.
चष्मा कपाळावर ढकलून
कडेवरून सावकाश अंगठा फिरवला.
"ही तिसरी खाच," म्हणाले,
"तेव्हाच चुकली होती."